कोळंबीच्या टाकीत मिनरल आणि बॅक्टेरिया: काय घालायचं, किती, आणि मुळात घालायचं का?

मुठाकाठ | १२ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन महिने इथे नुसता वाचत होतो. आज लिहितोय, कारण आता बघवत नाही.

सिंहगड रस्त्यावर आमच्या घरी ४५ लिटरची टाकी आहे. झाडांत जावा मॉस आणि दोन अनुबियास, शिवाय स्पंज फिल्टर. टाकी सव्वा महिना चालवून मग फेब्रुवारीत ठाण्याच्या एका ब्रीडरकडून २५ लाल चेरी (शोभेच्या छोट्या कोळंब्या) आणल्या. पहिले तीन आठवडे सगळं छान होतं. मग आठवड्याला एक-दोन जायला लागल्या, आणि बहुतेक सगळ्या कात टाकताना. मानेमागे पांढरा पट्टा दिसतो, अंगाभोवती पूर्ण गोल, आणि दुसऱ्या दिवशी ती आडवी पडलेली असते. आज बारावी गेली. सगळ्यात मोठी मादी होती, पाठीवर पिवळं सॅडल (आत तयार होणारी अंडी) भरलेलं. माझी मुलगी तिला ओळखायची.

पांढरा पट्टा म्हणजे कॅल्शियम कमी, असं सगळीकडे वाचलं. म्हणून मिनरलचं लिक्विड सुरू केलं, दर दोन दिवसांनी अर्धं झाकण. त्याने थांबलं नाही म्हणून मिनरलची पावडर. मग मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीचे गोळे. पिल्लांसाठी बॅक्टेरियाची पावडर आणि पाणी स्वच्छ राहावं म्हणून बॅक्टेरियाची बाटली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ६२०.

कॅल्शियम वाढवायला आणखी काय घालू?

शेवाळवेडा | १२ एप्रिल, रात्री ११:१५

दादा, वाचून वाईट वाटलं. बारा कोळंब्या जाणं काय असतं ते इथल्या बहुतेकांना माहीत आहे.

आता काहीही घालू नका. एक थेंबही नको. उद्या एवढं कळवा: जीएच (पाण्याची एकूण कठीणता) आणि केएच (आम्लाला तोंड द्यायची ताकद) थेंबाच्या किटने मोजून, टाकीतलं वेगळं आणि नळाचं वेगळं. पाणी कुठलं, महापालिकेचं की बोअरचं? टाकीचं तापमान. पाणी कधी बदलता, किती, आणि बदलायचं पाणी कुठून घेता? पातळी खाली गेली की वरून कसलं पाणी ओतता? आणि मृत्यूंच्या तारखा लिहिल्या असतील तर त्याही द्या.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला एका ठरावीक आकड्याने गुणून ppm दाखवतो. त्या ६२० मध्ये कॅल्शियम आहे, मीठ आहे की खत, हे मीटरला कळत नाही.

पागोळी | १३ एप्रिल, सकाळी ७:५०

समुद्रफेसाचा तुकडा टाकून बघा. पक्ष्यांच्या दुकानात वीस-तीस रुपयांना मिळतो. माझ्याकडे दोन वर्षं आहे, एकदाही पांढरा पट्टा नाही.

मुठाकाठ | १३ एप्रिल, रात्री ९:०५

शेवाळवेडा, सगळं मोजलं.

पाणी सोसायटीच्या बोअरचं. नळाचं: जीएच १७, केएच ११, टीडीएस ४८०. टाकीतलं: जीएच २३, केएच १३, टीडीएस ६२०, पीएच ८. तापमान २७, कारण वर छोटा पंखा लावलाय. नाहीतर ३१ जातं. पंख्यामुळे रोज पाऊण लिटर पाणी उडतं, ते बोअरच्याच पाण्याने भरतो आणि त्यात मिनरलचे थेंब घालतो. दर रविवारी दुपारी निम्मं पाणी बदलतो.

तारखा मुलीने वहीत लिहिल्या होत्या. आज पहिल्यांदाच एकत्र बघितल्या. बारापैकी नऊ सोमवार ते बुधवार.

शेवाळवेडा | १३ एप्रिल, रात्री ११:३०

मुलीला शाबासकी द्या. वहीतच उत्तर आहे.

आधी कात टाकणं नेमकं काय असतं ते सांगतो. कोळंबीचं कवच म्हणजे कायटिनची जाळी आणि तिच्यात बसलेलं कॅल्शियम कार्बोनेट. जुनं कवच सोडायच्या आधी ती त्याच्या आत नवं, मऊ कवच तयार करते. जुन्यातलं थोडं कॅल्शियम परत अंगात ओढते. मग पाणी शोषून फुगते, त्या दाबाने जुनं कवच मानेमागे पाठीवर उघडतं, आणि ती एका झटक्यात मागच्या मागे बाहेर येते. सगळं व्यवस्थित झालं तर मुख्य खेळ काही सेकंदांत संपतो. पुढचा एक-दोन दिवस ती मॉसमध्ये दडते आणि नवं कवच कडक होतं.

पांढरा पट्टा म्हणजे कवच फक्त पाठीवर उघडण्याऐवजी अंगाभोवती पूर्ण गोल फाटलं. मग पुढचा भाग निघत नाही, मागचाही निघत नाही. याचं एक कारण खनिजांची कमतरता, हे खरं आहे. पण दुसरं कारण म्हणजे तिची तयारी झालेली नसताना कात टाकावी लागणं. अचानक खूप पाणी बदललं, तापमान किंवा क्षार एकदम हलले, की कोळंब्या वेळेआधी कात टाकतात.

तुमचा आठवडा बघा. सहा दिवस पाणी उडतंय. उडतं ते फक्त पाणी, क्षार सगळे मागे राहतात. त्यावर पुन्हा क्षाराचंच पाणी आणि वरून मिनरल. शनिवारपर्यंत टाकीतले क्षार चढत जातात. रविवारी दुपारी निम्मं पाणी एकदम नवं. हे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर एप्रिलच्या दुपारी ते किती गरम असतं, एकदा थर्मामीटर घालून बघा. आणि सोमवारपासून कोळंब्या जातात.

चेरीला जीएच ६ ते ८ पुष्कळ झालं. केएच २ ते ५, टीडीएस १५० ते २५०. तुमच्याकडे कॅल्शियम कमी नाही, गरजेच्या तिप्पट आहे. तुम्ही जे पाच डबे आणलेत त्यातल्या एकाचीही तुमच्या पाण्याला गरज नव्हती.

पागोळी, तुमचं पाणी कुठलं?

पागोळी | १४ एप्रिल, सकाळी ८:१०

मुलुंड, महापालिकेचं.

शेवाळवेडा | १४ एप्रिल, सकाळी ८:४०

म्हणून तुमच्याकडे समुद्रफेस चालतो. तानसा-भातसाचं पाणी मऊ, त्यात कॅल्शियम थोडंच असतं. समुद्रफेस म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, तो आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात हळूहळू विरघळतो आणि जीएच, केएच दोन्ही थोडे चढवतो. पीएच ८ च्या बोअरच्या पाण्यात तो दगडासारखा पडून राहील. वस्तू तीच, पाणी वेगळं.

मुठाकाठ | १४ एप्रिल, दुपारी २:२५

ऑफिसातून घरी फोन करून बायकोला गच्चीच्या टाकीचं पाणी मोजायला लावलं. ३४ अंश. माझी टाकी २७. दर रविवारी मी हे निम्मं ओतत होतो.

रसायनवाली | १४ एप्रिल, रात्री ९:५०

शेवाळवेडा यांनी निदान अचूक केलंय. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि सात वर्षं चेरी पाळते, त्यामुळे आकड्यांचा भाग थोडा सविस्तर लिहिते. इथे दर महिन्याला कुणीतरी ‘कुठलं मिनरल चांगलं’ विचारतं आणि उत्तरात फक्त नावं येतात.

जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किती. केएच म्हणजे बायकार्बोनेट-कार्बोनेट किती, म्हणजेच पाणी आम्लाला किती तोंड देऊ शकतं. दोन्ही ‘अंशांत’ मोजतात. एक अंश म्हणजे १७.८५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. सगळी कठीणता कॅल्शियमचीच धरली तर एका अंशात ७.१४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

आता बाजारातली मिनरल. त्यांचे साधारण तीन प्रकार पडतात. पहिला, जीएच आणि केएच दोन्ही वाढवणारा, चेरीसाठी. सॉल्टीश्रिम्प कंपनीच्या जीएच-केएच प्लसमध्ये दोन्हींचं प्रमाण १ ला ०.५ असं ठेवलेलं आहे. दुसरा, फक्त जीएच वाढवणारा, बी श्रिम्प या मऊ पाण्यातल्या कोळंबीसाठी. तिसरा प्रकार वनस्पतींसाठीचा, आणि गडबड इथे होते. सीकेम इक्विलिब्रियमसारख्या पावडरीत पोटॅशियम कॅल्शियमच्या दुपटीहून जास्त असतं. झाडांना ते हवंच, पण पोटॅशियम जीएचमध्ये मोजलं जात नाही. म्हणजे जीएच ६ गाठेपर्यंत टीडीएस मात्र फार वर गेलेला असतो.

हे सगळं आरओच्या किंवा फार मऊ पाण्यासाठी आहे. ज्यांना घरी करायचं आहे त्यांच्यासाठी माझी कृती: १० लिटर आरओ पाण्यात १.२ ग्रॅम जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि ०.९ ग्रॅम एप्सम सॉल्ट. जीएच ६ च्या आसपास येतो, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण ३ ला १. केएच २ हवा असेल तर त्यात ०.६ ग्रॅम खायचा सोडा. जिप्सम हळू विरघळतो, रात्रभर एअर पंप लावून ठेवा. जिप्सम शेतीच्या दुकानातला गोणीतला घेऊ नका, त्यात काय-काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. खाद्य दर्जाचा घ्या. वजनासाठी सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा पाचशे रुपयांच्या आत मिळतो. चमच्याने अंदाज करू नका. ग्रॅमच्या दहाव्या भागाचा हिशोब आहे.

मुठाकाठ, तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही. तुमचं बोअर हेच तुमचं मिनरल. ४ लिटर बोअर आणि ६ लिटर आरओ मिसळा. जीएच ६.८, केएच ४.४, टीडीएस दोनशेच्या आसपास. चेरीसाठी यापेक्षा चांगलं पाणी विकतच्या डब्यातून बनणार नाही, आणि खर्च शून्य.

फक्त एकदम बदलू नका. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दहावा भाग. नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं, एअरच्या नळीने थेंब-थेंब. आणि रोज उडणाऱ्या पाण्याच्या जागी निव्वळ आरओ.

मुठाकाठ | १४ एप्रिल, रात्री १०:३०

ताई, खूप आभार. स्वयंपाकघरात आरओ आहेच, उद्याच सुरू करतो.

शेवाळवेडा | १४ एप्रिल, रात्री १०:३५

थांबा! त्या आरओत तांब्याची कांडी आहे का? ‘कॉपर’ लिहिलेलं मॉडेल?

मुठाकाठ | १४ एप्रिल, रात्री १०:४८

आहे. समोर मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

शेवाळवेडा | १४ एप्रिल, रात्री ११:००

मग ते पाणी कोळंबीला नको. माणसाला जे तांबं चालतं ते कोळंबीला फार कमी प्रमाणातही विषारी असतं. मऊ पाण्यात तर ते जास्तच बाधतं. तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेलं पाणी, गीझरचं गरम पाणी, माशांच्या आजारावरची कॉपर सल्फेटची औषधं, हे सगळं टाळा.

तुमच्या सर्व्हिसवाल्याला सांगा की मेम्ब्रेननंतर आणि कॉपर कार्ट्रिजच्या आधी एक टी जोडून वेगळा नळ काढून दे. दहा मिनिटांचं काम आहे. आणि ‘टीडीएस अ‍ॅडजस्टर’ असेल तर त्याच्याही आधी, कारण तो शुद्ध पाण्यात कच्चं पाणी परत मिसळतो.

नवखा_नागपूर | १५ एप्रिल, दुपारी १:१५

हा धागा वाचून माझाही एक प्रश्न. माझी टाकी नवीन आहे, आठ दिवस झाले. बॅक्टेरियाची कोणती बाटली घेऊ म्हणजे लगेच कोळंबी सोडता येईल?

खाजणातला | १५ एप्रिल, रात्री ११:५५

बॅक्टेरियावर मी लिहितो. पालघरच्या किनाऱ्याला वन्नामेईच्या (खाण्यासाठी वाढवतात त्या कोळंबीच्या) तळ्यांवर नऊ वर्षं काम करतोय, घरी चेरी आणि अमानो कोळंब्या आहेत. तळ्यावर आमचा अर्धा दिवस मिनरल आणि प्रोबायोटिकमध्येच जातो.

बाटलीत दोन अगदी वेगळ्या जातीचे जीव विकले जातात. एक नायट्रिफायर. हे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. वाढ फार हळू, आणि कठीण काळात तग धरायला बीजाणू बनवत नाहीत. त्यांना थंडावा लागतो. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत चार दिवस तापलेल्या बाटलीत ते किती जिवंत असतील याचा विचार करा. घ्यायचंच असेल तर थंडीत घ्या, तारीख बघून, जवळच्या दुकानातून, आणि तिथे ती फ्रीजमध्ये ठेवलेली असेल तरच.

दुसरे बॅसिलसच्या जातीचे. हे बीजाणू बनवतात, म्हणून कोरड्या पावडरीतही महिनोन् महिने टिकतात. उरलेलं खाद्य, विष्ठा, कुजलेली पानं हे त्यांचं अन्न. अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम ते करत नाहीत. म्हणजे बॅसिलसची पावडर टाकून नवी टाकी ‘सायकल’ होत नाही, म्हणजे अमोनिया पचवायला तयार होत नाही. आठ दिवसांच्या टाकीत ती टाकून कोळंबी सोडणं म्हणजे जुगार आहे, आणि तो तिच्या जिवावर.

तिसराही एक प्रकार दिसतो, लालसर रंगाचं, वास येणारं पाणी. ते प्रकाशावर जगणारे जांभळे जीवाणू, आमच्याकडे पीएसबी म्हणतात. तळ्याच्या तळाला काळा गाळ झाला की वापरतो. घरच्या टाकीत तसा गाळच नसतो, त्यामुळे त्याचं फारसं काम नाही.

आता हे नीट वाचा, कारण माझ्या हातून झालंय. तीन वर्षांपूर्वी घरच्या २० लिटरच्या टाकीत पहिल्यांदाच खूप पिल्लं दिसली. आनंदाच्या भरात बॅक्टेरियाची पावडर ठरल्याच्या तिप्पट टाकली, की बायोफिल्म (पिल्लं खातात ती जीवाणूंची साय) भरपूर होईल. मे महिना, रात्री वीज गेली, एअर पंप बंद. पहाटे पाणी दुधासारखं पांढरं आणि सगळ्या कोळंब्या काचेला लागून पृष्ठभागावर. तीसच्या वर गेल्या. पिल्लं तर एकही उरली नाही.

कारण सरळ आहे. पावडरीत जीवाणू असतात आणि त्यांचं खाद्यही असतं. ते भराभर दुप्पट-चौपट होतात आणि पाण्यातला प्राणवायू ओढतात. २० अंशाला पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात साठाच कमी. तळ्यावर आम्ही बॅसिलस गुळाच्या पाण्यात रात्रभर वाढवून सोडतो, पण तिथे पाणी घुसळणारी पॅडल-व्हील फिरत असतात आणि पहाटे, प्राणवायू सगळ्यात कमी असतो तेव्हा, मीटर घेऊन कुणीतरी बांधावर उभं असतं. मी तळ्यावर जी काळजी पगारासाठी रोज घेतो ती घरी घेतली नाही.

तेव्हापासून माझा नियम: आठवड्यातून एकदा, दोन बोटांच्या टोकावर मावेल तेवढी, एका वाटीत कालवून, सकाळी. रात्री कधीच नाही.

नवखा, कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मागून आणा आणि तुमच्या टाकीत पिळा. तो तपकिरी गाळ म्हणजे जगातली सगळ्यात चांगली बाटली. स्पंज ओला ठेवून आणा आणि त्याच दिवशी वापरा. मग अमोनिया-नायट्राइट शून्यावर आल्यावरही दोन-तीन आठवडे थांबा, काचेवर शेवाळाची बारीक साय धरू द्या. पिल्लं तीच खातात. जन्मल्यावर ती फार हिंडत नाहीत, जिथे आहेत तिथेच चरतात.

रसायनवाली | १६ एप्रिल, रात्री ८:२०

खाजणातला, फार मोलाचं लिहिलंत.

एक भर. बाटलीच्या लेबलवर ‘नायट्रोबॅक्टर’ लिहिलेलं असतं ते जुन्या पुस्तकांमधून आलंय. १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये नायट्राइटचं काम नायट्रोस्पायरासारखे जीवाणू करतात. २०१५ मध्ये तर नायट्रोस्पायराच्याच काही जाती अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्या करतात हे दोन गटांनी एकाच वेळी सिद्ध केलं, आणि त्यातल्या एका गटाचा नमुना मत्स्यपालनाच्याच फिल्टरमधला होता. तुमच्या स्पंजमध्ये यातलं बरंच काही फुकट वाढलेलं असतं.

आणि केएचचं या सगळ्याशी नातं आहे. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता, म्हणजेच केएच, खर्च होते. मऊ पाण्याच्या टाकीत केएच शून्यावर येऊन पीएच ढासळतो तो असा. जीवाणूंची बाटली ओतून ते सावरत नाही, तिथे थोडं बायकार्बोनेट लागतं.

मोगरी_डोंबिवली | १६ एप्रिल, रात्री १०:१०

मला थोडं वेगळं म्हणायचंय. बॅक्टेरियाची पावडर सुरू केल्यापासून माझ्याकडे पिल्लं जगण्याचं प्रमाण खरंच वाढलं. आधी एका मादीची पाच-सहा हाती लागायची, आता पंधरा-वीस. त्यामुळे गरज नाही असं सरसकट म्हणू नका.

खाजणातला | १६ एप्रिल, रात्री १०:४५

ताई, सरसकट नाहीच. जुन्या, स्थिर टाकीत, थोडी, पिल्लांसाठी: हा तिचा खरा उपयोग आहे आणि तुम्ही तोच करताय. माझा विरोध अडचणीवर औषध म्हणून ओतण्याला आहे.

तोच परिणाम पानांनी पण मिळतो. मुंबईच्या फुटपाथवर पडलेली देशी बदामाची लाल-तपकिरी पानं, शेवग्याची, तुतीची वाळलेली पानं. उकळत्या पाण्यात बुडवून घ्या आणि टाका. दोन-तीन आठवड्यांत पानाची जाळी होते आणि त्यावर पिल्लं बसलेली दिसतात. फवारणी झालेल्या झाडाचं पान नको.

आणि कडुनिंब कधीही नको. लोक ‘जंतुनाशक’ म्हणून टाकतात. त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन किड्यांची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं, आणि किडे व कोळंबी यांचं कात टाकण्याचं संप्रेरक एकच आहे.

पागोळी | १७ एप्रिल, सकाळी ७:३०

डासांची मशीनसुद्धा! लिक्विडवाली. टाकीच्या खोलीत लावू नका, एअर पंप ती हवा सरळ पाण्यात ढकलतो.

जांभाविहीर | १८ एप्रिल, रात्री ९:४०

मी फोंड्याहून. मुठाकाठ यांच्या बरोबर उलटं माझं प्रकरण आहे म्हणून लिहिते, नाहीतर हा धागा वाचून कुणी मऊ पाण्यात मिनरल बंद करेल.

आमची विहीर जांभ्या दगडातली. जीएच १, केएच मोजताना पहिल्या थेंबालाच रंग बदलतो, पीएच ६ च्या जरा वर. टीडीएस ४०. दिसायला इतकं नितळ पाणी की मला वाटलं याहून चांगलं काय असणार. चेरी आणल्या. आजी अजून त्यांना सुंगटंच म्हणते. महिन्याभरात त्या कात टाकायच्या आणि मऊच राहायच्या. कवच हाताला पातळ पापुद्र्यासारखं लागायचं. काहींना तोच पांढरा पट्टा.

मी जीएच-केएच दोन्हीची पावडर घेतली, पण थेट टाकीत टाकली नाही. बादलीत विरघळवून, बदलण्याच्या पाण्यातूनच. आठवड्याला जीएच दीड-दोन अंशांनी चढवत तीन आठवड्यांत ६ वर आणला. त्यानंतर एकही पांढरा पट्टा नाही. मिनरलने माझ्या कोळंब्या वाचवल्या, हे मला स्पष्ट लिहायचंय.

पंख्याचं मात्र आमच्याकडे जमत नाही. हवाच इतकी दमट की पाणी उडत नाही आणि जेमतेम एक अंश उतरतो.

इसारतीर | १९ एप्रिल, पहाटे २:१०

म्युनिकहून. माझ्याकडे क्रिस्टल रेड. जपानमध्ये हिसायासू सुझुकी यांनी बी श्रिम्पच्या पिल्लांत निघालेल्या लाल रंगातून पिढ्यान् पिढ्या निवड करून ही जात घडवली. या कोळंब्यांचं पाणी चेरीपेक्षा वेगळं: जीएच ४ ते ६, केएच शून्य ते एक, पीएच ६ च्या आसपास, टीडीएस १०० ते १५०, तापमान २० ते २४.

इथलं नळाचं पाणी सुमारे १६ अंश कठीण, आल्प्सच्या चुनखडीतून येतं. आपण जो ‘अंश’ म्हणतो तोही जर्मनच आहे, लिटरला १० मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड. म्युनिकचं पाणी आणि पुण्याचं बोअर यांत क्रिस्टलच्या दृष्टीने फरक नाही, दोन्ही बाद. मी शंभर टक्के आरओ आणि फक्त-जीएचवालं मिनरल वापरतो. खाली अ‍ॅक्टिव्ह सॉइल आहे, ती केएच खाऊन पीएच खाली ठेवते. चेरीचं जीएच-केएच मिनरल इथे टाकलं तर काही महिन्यांत सॉइलची ताकद संपते. पहिल्या वर्षी मी हेच केलं आणि अख्खी टाकी पुन्हा मांडावी लागली.

मॉन्टमोरिलोनाइटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: ती एक चिकणमाती आहे. बारीक पावडर पाण्यात गढूळ होते, तासाभरात बसते, कोळंब्या तिच्यातून चाळून खातात. मला ती खाद्याला पूरक म्हणून आवडते. जीएच वाढवायचं साधन म्हणून तिच्यावर विसंबू नये.

मुठाकाठ | १५ जून, रात्री १०:१५

दोन महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व. काही घडल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सर्व्हिसवाल्याने टी जोडून दिला. मेम्ब्रेनचं पाणी २२ टीडीएस. चार लिटर बोअर, सहा लिटर आरओ. रात्रभर खोलीत ठेवतो, सकाळी एअरच्या नळीला गाठ मारून थेंब-थेंब सोडतो. बुधवार आणि रविवार, दर वेळी साडेतीन-चार लिटर. रोजची भर फक्त आरओची. लिक्विड, पावडर, बाटली, सगळं १२ एप्रिलपासून बंद. गोळे काढले नाहीत, पडून आहेत.

पहिल्या पंधरवड्यात आणखी दोन गेल्या. त्यानंतर आजवर एकही नाही. ११ उरल्या आहेत. टीडीएस २८०, जीएच १०, केएच ६, अजून उतरतंय.

मे अखेरीस मुलीला मॉसमध्ये एक अख्खी कात सापडली, मिशांसकट, पाठीवर उघडलेली. तिने ती काढू दिली नाही. दोन दिवसांत कोळंब्यांनीच खाऊन टाकली. आणि परवा एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली. पंचवीसेक असतील. ती सारखी पंख्यासारखे पाय हलवत असते.

रसायनवाली | १५ जून, रात्री १०:२०

केवढा आनंद झाला! २७-२८ अंशाला तीन-साडेतीन आठवड्यांत पिल्लं दिसतील. फिल्टरला स्पंज आहेच, त्यामुळे ओढली जाणार नाहीत.

खाजणातला | १५ जून, रात्री ११:०५

दोन बदामाची पानं आत्ताच टाकून ठेवा, तोवर छान साय धरेल.

जांभाविहीर | १६ जून, सकाळी ८:००

मुलीला माझ्याकडून खाऊ.

शेवाळवेडा | १६ जून, सकाळी ९:२५

मनापासून बरं वाटलं. एक गोष्ट लक्षात ठेवा. पाऊस सुरू झालाय, बोअरचं पाणी आता बदलेल. दर पंधरा दिवसांनी बोअर नव्याने मोजा. चार-सहाचं प्रमाण एप्रिलच्या पाण्याचं होतं.

मुठाकाठ | २६ जुलै, रात्री ९:३०

मोजलं. बोअरचा टीडीएस ४१० वर आलाय, जीएच १४. आता पावणेपाच लिटर बोअर आणि सव्वापाच लिटर आरओ घेतोय, मिश्रण पुन्हा २०५ येतं. पिल्लं ९ जुलैला दिसली. मुलीने काचेवर टॉर्च धरून काल एकोणीस मोजली, पानांच्या खाली आणखी असतील म्हणते.